चवळी कोणी मोजत नाही

दोन किलो बीफ मी चेडत्तीच्या नव्याकोऱ्या मडक्यात ओतलं आणि वर शहाणपणाने हाकही मारली, "चेडत्ती, आत ये, बघ काय आणलंय!"

चेडत्ती म्हणजे माझी थोरली वहिनी, पेण्णम्मा. मागच्या अंगणातून ती कमरेच्या पांढऱ्या मुंडूला हात पुसत आली. मडक्यात डोकावली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज वार कुठला रे, अवराच्चा?"

"सोमवार."

"बरं. मला वाटलं मीच चुकले."

एवढं बोलून तिने मडकं उचललं, बाहेर नेलं, मांस केळीच्या पानावर उपडं केलं आणि मडकं धुण्याच्या दगडावर असं आदळलं की वरच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. मडक्याचे तुकडे झाले. माझेही झाले असते, पण मी जरा मागे उभा होतो.

चूक माझीच होती, आणि ती आमच्याच लोकांत होऊ शकते. आम्ही सुरियानी ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा उपास, त्याला आम्ही नोंब म्हणतो, तो आमच्याकडे सोमवारी बसतो. आदल्या रविवारी, पेत्रत्तेला, माणसं मांस अशी खातात की जणू सोमवारी जग बुडणार आहे. त्याच रात्री मांसाची मडकी राखेने घासून माळ्यावर पालथी पडतात आणि नोंबाची मडकी खाली उतरतात. पण समुद्राकाठचे लॅटिन ख्रिस्ती नोंब धरतात बुधवारी. माझी सगळी नोकरी आलप्पुऴाच्या किनाऱ्यावर काथ्याच्या कारखान्यात गेली, बायकोही तिथलीच केली. सासऱ्याने लग्नात फारसं काही दिलं नाही, पण दर वर्षी मांसाचे दोन दिवस मला जास्तीचे मिळत गेले. बायको गेली, नोकरी संपली, मी परत पाला गावी भावाच्या घरी राहायला आलो. पण पोट अजून बुधवारच धरून बसलं होतं.

"हे सगळं वासूकडे नेऊन दे," चेडत्ती म्हणाली. "आणि येताना कुंभाराकडनं दुसरं मडकं आण. ते तूच मुरवायचं. पेजेचं पाणी भरून चुलीवर चढवायचं, उतरवायचं, खोबरेल चोळायचं, परत चढवायचं. वास जाईपर्यंत."

"मडक्याचा?"

"तुझा."

शेजारच्या वासूला नोंबाशी काही देणंघेणं नाही, तो हिंदू. त्याने पान उलगडून पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "अवराच्चन चेट्टा, पुढल्या वर्षी पण असेच चुका हं."

आता ही पेण्णम्मा चेडत्ती कोण, ते सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ उलहन्नान तिला लग्न करून घेऊन आला तेव्हा मी लंगोटीतून नुकताच अर्ध्या चड्डीत आलो होतो. ती आली आणि तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात काय चाललंय हे तिला माझ्याआधी कळतं. अंगाने काडी, आवाज मात्र घाटातल्या लॉरीसारखा. रबराची झाडं तिने भावाच्या बरोबरीने चिरली. भाऊ गेल्यावर एकटीने चिरली. एकदा तर रबराचा चीक नेणारा व्यापारी तिला म्हणाला, "अम्मच्ची, भाव वरनंच पडलाय, मी काय करू?" त्यावर ती म्हणाली, "वरनं पडलाय ना, मग वाकून उचल." व्यापारी वाकला की नाही ते माहीत नाही, पण त्या दिवशी चीक घरीच राहिला.

कोणाला ती घाबरली असं मी पाहिलेलं नाही. चर्चमधल्या घंटेच्या दोरीला लोंबकळणाऱ्या माकडालाही ती नावाने हाक मारून उतरवायची. नाव तिनेच ठेवलेलं, आणि ते त्या वेळच्या ट्रस्टीचं होतं.

असं हे माणूस त्या नोंबाच्या आधीच्या नाताळात न्यूमोनियाने आडवं झालं. दवाखान्यातून घरी आली ती अर्धी होऊन. डॉक्टरने सांगितलं, रोज दोन अंडी, रोज मांसाचं सूप, नाहीतर पुढचा पावसाळा काही खरा नाही. त्याच डॉक्टरने त्याच खुर्चीत बसून तिच्या मुलाला, जोयीला, सांगितलं की तुझं रक्त तुपासारखं झालंय, मांस कमी कर. मायलेकरं एकाच रिक्षातून घरी आली. आईच्या हातात मांस खाण्याचा हुकूम, मुलाच्या हातात न खाण्याचा. जोयी वाटभर म्हणत होता, "डॉक्टरने कागद उलटे दिले असतील गं, अम्मच्ची."

जोयी तसा गुणी. देह भरगच्च, मन हलकं. बीफ, त्यात ओल्या खोबऱ्याचे काप, काळी मिरी, कढीलिंब. हे नुसतं उच्चारलं तरी त्याचे डोळे चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेतल्यासारखे वर जायचे. त्याने डोकं लढवून एक तोडगा काढला. नोंब जवळ आलाच होता. घराने या वर्षी मांस "कमी" करायचं: आठवडाभर बंद, रविवारी थोडं. आणि अम्मच्चीने नोंब धरायचाच नाही. तिला रोज सूप, रोज अंडं.

"म्हणजे डॉक्टरही खूश, देवही खूश," जोयी म्हणाला.

"आणि तू?" त्याची बायको लिसी म्हणाली. लिसी नर्स आहे, कुवेतला बरीच वर्षं काढून आली आहे. तिला माणसाची नाडी लांबूनच दिसते.

"मी काय, मी रविवारपुरता."

चेडत्ती हे सगळं सुपारी कातरत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे... थोडं."

"थोडं म्हणजे कोणाला?"

जोयीला प्रश्न कळला नाही. मलाही नाही. आम्ही दोघं हसलो. असे आम्ही पुरुष फार वेळा हसतो.

नोंबाच्या पहिल्या आठवड्यात तोडगा चालू झाला. टेबलावर चवळी, कप्पा म्हणजे आमचा तो उकडलेला कंद, मिरचीची चटणी. भिंतीकडच्या खुर्चीवर चेडत्ती बसलेली. लिसीने कोवळा फणस कुटून त्यात मांसाचा मसाला घातला होता आणि वर खोबऱ्याचे कापही. जोयीने एक घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"डोळे मिटले ना, की अगदी..." तो म्हणाला.

"डोळे उघड," चेडत्ती म्हणाली. "फणस आहे तो. त्याला फणस राहू दे. बिचाऱ्याला सोंग कशाला द्यायचं?"

मग जोयीने स्टीलचा डबा तिच्यासमोर सरकवला. झाकण उघडलं तशी वाफ आली. सगळ्यांची नाकं डब्याकडे वळली. माझं सगळ्यात आधी, खोटं कशाला बोलू.

"हे काय?"

"सूप. डॉक्टरने सांगितलंय ते."

"आणखी कोणाला आहे?"

"कोणाला नाही. तुझ्यासाठी वेगळं."

"वेगळं," चेडत्ती म्हणाली.

तिने झाकण लावलं. उठली. डबा घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. चुलीच्या मागे एक बुटका पाट असतो, नारळ खवायचा. त्या पाटावर आमच्याकडे पाठ करून बसली. डबा पुढ्यात, झाकण तसंच.

"अम्मच्ची, तिथे कशाला बसलीस?"

"वेगळं खाणाऱ्याची जागा हीच. या घरात आल्यापासून मला माहीत आहे."

"अगं, इथे बसून पी ना!"

"तुम्ही जेवा. गार होईल."

आम्ही काय जेवणार? चवळी ताटातच गार झाली. लिसी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. डब्याचं झाकण उघडलं नाही आणि चेडत्ती त्या रात्री उपाशी निजली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. डबा आला की ती चुलीमागे. डबा गेला तरच टेबलाशी. आजारातून उठलेलं माणूस, दोन वेळा पोटात अन्न नाही. जोयीचा चेहरा उतरला आणि आवाज चढला.

"कोच्चप्पा, तूच सांग तिला! मरेल ती!" माझ्यावर ओरडला.

कोच्चप्पा म्हणजे मी, धाकटा काका. मी गेलो सांगायला. म्हटलं, "चेडत्ती, हट्ट कशाचा आहे हा? देव काय तुझा डबा तपासायला येणार आहे?"

"देवाचं नाव काढू नकोस. त्याचा काही संबंध नाही यात."

"मग कोणाचा आहे?"

"तू मडकं मुरवलंस का?"

मी मडकं मुरवायला गेलो.

शेवटी जोयीने चर्चमधून धाकट्या पाद्रींना आणलं. आम्ही पाद्रींना अच्चन म्हणतो. हे अच्चन तरुण, तृशूरकडचे, गोरे, बोलणं असं गुळगुळीत की घसरून पडावं. चेडत्तीसमोर खुर्चीवर बसले, बिनदुधाची कॉफी घेतली आणि म्हणाले, "अम्मच्ची, आजाऱ्यांना आणि वयस्कांना चर्चने स्वतःच सूट दिलेली आहे. तुम्ही खुशाल सूप घ्या. पाप नाही."

"सूट मागितली कोणी, अच्चो?"

"जोयीने."

"मग जोयीलाच द्या. त्याला रविवारची हवीच आहे."

अच्चन हसले. "नोंब जिभेचा नसतो, अम्मच्ची. मनाचा असतो. मन शुद्ध असलं की ताटात काय आहे याला महत्त्व नाही."

"असं कसं? ताटात काय आहे याला लई महत्त्व आहे. तुम्ही कधी वाढलंय का अच्चो, घरात?"

अच्चन म्हणजे चर्चच्या स्वयंपाक्याने वाढलेलं खाणारा माणूस.

"मग ऐका. मी या घरात आले तेव्हा रविवारी मांस यायचं. सासरे आधी. मग त्यांचे मुलगे, वयाप्रमाणे. हा बघा हा," तिने माझ्याकडे बोट केलं, "हा शेंबडा. याचा नंबर माझ्या आधी. मग सासूबाई. मग मी. कोणी दुष्ट नव्हतं हो. सगळी देवमाणसं. माझ्यापर्यंत येईस्तोवर पळीच थकायची. मी मडकं पुसून भात खायचे. आणि चांगला लागायचा, उगाच खोटं नाही बोलणार."

मी छताकडे पाहिलं. छताला कौलं होती, ती मी मोजायला लागलो.

"मग आला नोंब. चवळी शिजली. सासूबाई म्हणाल्या, बस गं पोरी तू पण, आज वाढायला आहेच काय! आणि मी बसले. त्या खुर्चीत. अच्चो, मांसाचे तुकडे सगळे मोजतात. चवळी कोणी मोजत नाही. सासऱ्याला पळीभर, मला पळीभर. पन्नास दिवस! मी विचारलं, असं किती वर्षं चालतं? सासूबाई म्हणाल्या, दर वर्षी. मी म्हटलं, हा धर्म चांगला आहे."

अच्चनना हसू फुटलं आणि कॉफी नाकात गेली. लिसी दारात उभी होती. ती हसली नाही.

"आता हे म्हणतात, रविवारी थोडं मांस," चेडत्ती पुढे म्हणाली. "थोडं आलं की पळी आली. पळी आली की रांग आली. आणि मला रोज डबा, वेगळा. पन्नास दिवस मिळाले होते ते पण घेता, आणि वर चर्चचा शिक्का आणता? सूप मला नको असं नाही. मला काय सूप आवडत नाही? सगळ्यांच्या ताटात येऊ दे, ईस्टर होऊ दे, मी ताटली वर करून पिईन. पण चुलीमागे बसून पिणार नाही. मेले तरी बेहत्तर, टेबलाशी मरेन."

"अम्मच्ची!" जोयी म्हणाला.

"गप्प बस. तू दोन किलोमीटर चालत ताडीच्या दुकानात जाऊन मांस खातोस, ते मला माहीत आहे. तिथला पोऱ्या वासूचा भाचा आहे."

जोयीचे कान लाल झाले. माझेही. कारण जोयी एकटा जात नव्हता.

अच्चननी कप खाली ठेवला. सूट दिलेली परत कशी घ्यायची हे त्यांना सेमिनरीत शिकवलेलं नसावं. थोडा वेळ त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "अम्मच्ची, आज दुपारी काय आहे जेवायला?"

"चवळी."

"मी थांबलो तर चालेल?"

"थांबा. पण उठताना ताट आपलं आपण विसळायचं. नोंबात इथे तसंच आहे."

आणि ते थांबले. जेवले. झग्याच्या बाह्या वर करून ताट विसळलं, अर्धं पाणी झग्यावर घेतलं. असं ताट धुणारा पाद्री मी पाहिला नाही; बाप्तिस्मा दिल्यासारखं तीनदा बुडवलं. त्यांच्यामागे मी उभा होतो, माझं ताट घेऊन. माझ्यामागे जोयी. पुरुषांची रांग होती, पण मोरीसमोर.

त्या दिवसापासून डबा बंद झाला आणि रविवारचं मांसही. पण लिसी नर्स आहे. ती चेडत्तीला अशी सोडणार नव्हती. तिने मूग, कुळीथ, शेंगदाणे, चणे, फणसाच्या आठळ्या यांचा असा काही मारा सुरू केला की विचारू नका. आणि चेडत्तीची अट: जे औषध मला, तेच सगळ्यांना, तेवढंच. म्हणजे न्यूमोनिया एकटीला झाला आणि पथ्य साऱ्या घराला लागलं. सकाळी कुळथाचं कढण, दुपारी मूग, संध्याकाळी चणे. घरात रात्री जे आवाज यायचे त्याबद्दल न बोललेलं बरं. जोयी म्हणायचा, "कोच्चप्पा, आपण नोंब धरलाय की घोड्यांच्या तबेल्यात नोकरी?"

जोयीचं ताडीचं दुकान बंद झालं का? एकदम नाही झालं. एक दिवस तो उशिरा आला, तोंड पुसत, आणि खुर्चीवर बसताना ओशाळला. चेडत्तीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"अम्मच्ची, मी बाहेर खाऊन आलोय," तो आपण होऊन म्हणाला.

"मला वास येतोय."

"रागावलीस?"

"कशाला रागावू? बाहेर तू काय खातोस ते तुझं पोट आणि तू. मी काय पोलीस आहे? इथे बसलास ना, मग हे खा. सगळ्यांइतकं."

बिचाऱ्याने भरल्या पोटावर वाडगाभर कुळीथ खाल्ले. पुढे तो दुकानात जायचा कमी झाला. पश्चात्तापाने म्हणा की दोन जेवणं झेपेनात म्हणून म्हणा. मग मी तरी एकटा कशाला जातोय? दुकानदार रस्त्यात दिसला की माझ्याकडे असा बघायचा, जसा गिऱ्हाइकांनी पोरका केलेला माणूस.

लिसीचं मात्र मला नंतर लक्षात आलं. एरवी ती वाढायची, आम्ही जेवायचो, ती कधी जेवायची ते कोणी पाहिलेलं नव्हतं. आता मडकं टेबलाच्या मधोमध असायचं आणि ती चेडत्तीच्या शेजारी बसलेली. दोघी सासूसुना गावभरच्या कागाळ्या करत जेवायच्या. अशा हसायच्या की आम्हाला मीठ मागायचीही सोय नव्हती.

नोंब अर्धा सरल्यावर डॉक्टरकडे नेलं. जोयीला घाम फुटला होता; वजन घटलं असतं तर पुन्हा डबा, पुन्हा चुलीमागचा पाट. काट्यावर चेडत्ती चढली ती चपला घालूनच. डॉक्टर म्हणाला, "काढा त्या." तिने काढल्या. काटा थरथरला आणि आधीपेक्षा जरा वर थांबला. फार नाही, पण वर.

"बघा!" डॉक्टर खुशीत म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? सूप लागू पडलं."

"लागू पडलं," चेडत्ती म्हणाली. "कुळथाचं."

डॉक्टरने जोयीकडे पाहिलं, जोयीने माझ्याकडे, मी पंख्याकडे. मग डॉक्टरने जोयीचं रक्त तपासायला सांगितलं. त्यातलं तूप उतरलं होतं. एवढ्या वर्षांत डॉक्टरच्या औषधाला जे जमलं नव्हतं ते आईच्या हट्टाने केलं. पण जोयीचा आनंद काही दिसला नाही. माणसाला बरं व्हायचं असतं ते मांस खाता यावं म्हणून, आणि इथे मांस सोडून बरं झालेलं. अशा बऱ्या होण्यात त्याला राम दिसेना.

आणि मग ईस्टर आला.

पहाटेची मिस्सा करून आम्ही घरी आलो तेव्हा लिसीचा भाऊ आणि भावजय आधीच येऊन बसले होते. घरात वास असा की भिंतीही जिभल्या चाटत असाव्यात. बदक होतं. बीफ होतं, खोबऱ्याच्या कापांचं, मिरीचं. जाळीदार पांढऱ्या आंबोळ्यांचा, पालप्पमचा, ढीग होता. माळ्यावरची मडकी खाली उतरली होती आणि नोंबाची मडकी वर गेली होती, मी मुरवलेलंही.

पुरुष बसले. लिसीचा भाऊ बसला, जोयी बसला, मी बसलो. हे कसं झालं ते मला आजही सांगता यायचं नाही. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. मांस आलं आणि आमची बुडं आपोआप खुर्च्यांना लागली. लिसीने पळी उचलली. भावजय कपाटाला टेकून उभी राहिली. आणि चेडत्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, हात मुंडूला पुसत. जशी मी लहानपणापासून पाहिली होती तशीच.

मला वाटलं, संपले पन्नास दिवस.

तिने थोडा वेळ टेबलाकडे पाहिलं. मग सरळ चालत आली आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसली. शेजारची खुर्ची पायाने ओढली. "लिसी, बस. तू पण ये गं," भावजयीला म्हणाली, "अवराच्चा, उठ, तिला जागा दे."

मी उठलो. लिसी पळी हातात धरून तशीच उभी.

"पळी त्याला दे," चेडत्ती म्हणाली. "जोयी, वाढ."

"मी?"

"तू."

"अगं अम्मच्ची, पाहुणे आहेत!"

"मग आधी पाहुणीला वाढ."

लिसीचा भाऊ गालातल्या गालात हसला आणि त्याने आपली ताटली लगेच जवळ ओढून घेतली, कोणी त्यालाही उठवेल म्हणून. जोयीने पळी घेतली. आधी भावजय. मग आईसमोर आला आणि अडखळला. डॉक्टर आठवला असेल, की आणखी काही, मला माहीत नाही. चांगलेसे तुकडे शोधायला लागला.

"शोधू नकोस," चेडत्ती म्हणाली. "जे येईल ते घाल. तिला पण तेवढंच. त्याला पण. तुला पण."

जोयी गोल फिरला. वाढणं कठीण असतं हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. शेवटी तो स्वतःच्या ताटलीपाशी पोचला तेव्हा मडक्यात एक हाडूक आणि रस्सा राहिला होता. त्याने मडक्यात वाकून पाहिलं. पळी फिरवून पाहिली. सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं. मग तो हाडूक आपल्या ताटलीत घालून मुकाट्याने बसला आणि चोखायला लागला. लिसीने आपल्यातला एक तुकडा त्याच्या ताटलीत टाकला. चेडत्तीने पाहिलं आणि आंबोळी पुढे ओढली. नवराबायकोत ती पडत नाही.

मी भिंतीला टेकून, हातात ताटली घेऊन, उभ्याउभ्याच जेवत होतो. चेडत्ती आंबोळीचा तुकडा तोडत होती, रश्श्यात बुडवत होती, सावकाश, कोणाकडे न बघता. बोटं चाटत होती. असं जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, की पाहत असूनही पाहिलं नव्हतं, कोण जाणे. एवढ्या वर्षांचे नोंब तिने एकही न मोडता धरले होते. सासरा गेला त्या वर्षी, भाऊ गेला त्या वर्षी, आजारात. मला आपलं वाटलं, एवढ्या हट्टामागे काहीतरी मोठं मागणं असणारच. नातू हवा असेल, भावाच्या आत्म्याला शांती हवी असेल.

मी वाकून हळूच विचारलं, "चेडत्ती, खरं सांग, इतकी वर्षं नोंबात देवाकडे काय मागत होतीस?"

"मागतेय कशाला? जेवत होते."